उपचारगृहाचा उंबरठा

योहानाच्या शुभवर्तमानांत बेथेसदा नांवाच्या तळ्याची हकीकत आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं ती उपासनेच्या वेळीं ऐकलेली असेल. तळ्याकांठीं पांच पडव्या होत्या व त्यांत आंधळे, पांगळे, अंग वाळलेले असे कितीएक रोगी पडून असत. पाणी हालल्यावर जो प्रथम आंत उतरेल तो बरा होतो, अशी लोकांची समजूत होती. त्या रोग्यांत एक मनुष्य ३८ वर्षें दुखण्यानें पडलेला होता. बरें व्हावें असें तुला वाटतें काय, असें प्रभु येशूनें त्यास विचारलें, तेव्हां त्यानें आपल्या रोगाचें वर्णन केलें नाहीं. पाण्यांत उतरवावयास मला कोणी नाहीं, मी जातों तों दुसरा माझ्या आधीं उतरतो, एवढेंच तो म्हणाला.

या उत्तराकडे आमचें लक्ष फार उशीरा गेलें. पाणी गुणकारी आहे कीं नाहीं याबद्दल त्या मनुष्याची तक्रार नव्हती; अंथरूण आणि पाणी यांच्यामधील चार पावलांबद्दल ती होती. ज्यांच्यासाठीं तें स्थान प्रसिद्ध झालें, त्यांतील अत्यंत दुर्बळ मनुष्यासच तेथें पोहोंचतां येत नव्हतें. आणि जो त्यांतल्या त्यांत धडधाकट, तोच पहिला उतरत होता. दोन हजार वर्षें होत आलीं, तरी आपल्याकडील दवाखाने, योगवर्ग व व्यायामशाळा पाहिल्या म्हणजे त्या पडव्यांची आठवण होते. प्रस्तुत लेखांत त्या चार पावलांचाच विचार करावयाचा आहे.

उपचारगृह हा शब्द आम्ही येथें जरा सैल अर्थानें वापरीत आहों. शरीराला अगर मनाला आराम पडावा म्हणून मनुष्य जेथें जेथें जातो तीं सर्व ठिकाणें त्यांत आलीं. वरणगांवचा मनुष्य ताप आला म्हणजे दवाखान्यांत जातो, मोठें दुखणें असल्यास भुसावळ किंवा जळगांव गांठतो, सकाळीं योगवर्गास बसतो, आणि मन उदास झालें म्हणजे मंदिरांत, मशिदींत अगर प्रार्थनागृहांत जातो. चोपडें तालुक्यांत अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशीं, उनपदेव येथें उष्ण पाण्याचा झरा आहे. त्वचेच्या विकारांवर तेथील स्नान चांगलें अशा श्रद्धेनें लोक दुरून येतात. अशा सर्व जागीं पोहोंचणें, आंत शिरणें, तेथें बोललेलें समजणें आणि तेथें न घाबरतां बसून राहणें, या चार गोष्टी साधल्या तर उपचार. त्यांपैकीं एक जरी हुकली तरी वैद्य कितीहि निष्णात असो, त्याचा उपयोग नाहीं.

असे लोक किती आहेत? २०११ च्या खानेसुमारींत भारतांत २ कोटि ६८ लक्ष दिव्यांग व्यक्ति नोंदल्या गेल्या, आणि त्यांपैकीं सुमारें १ कोटि ८६ लक्ष खेड्यापाड्यांत राहणाऱ्या होत्या. त्या वेळीं नोंदीचे प्रकार थोडे होते. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते; २०१६ च्या कायद्यानें ते एकवीस केले, व त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन-अक्षमता यांसहि स्थान मिळालें. स्वमग्नता हें नांव पुष्कळ पालकांस नवें वाटेल. बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून वैद्यकांत ही अवस्था सर्वत्र ओळखली जाऊं लागली. या मुलांच्या मेंदूची घडणच निराळी असते. आवाज, उजेड, वास व स्पर्श यांचा त्यांच्यावर कधीं अतिशय तीव्र, तर कधीं अगदीं अल्प परिणाम होतो. बोलणें उशीरा येतें किंवा येतहि नाहीं. आणि ठरलेला क्रम एकाएकीं मोडला तर त्यांचा जीव कासावीस होतो. हा आईबापांच्या वळणाचा दोष नव्हे, व मुलाचा हट्टहि नव्हे.

नांवाविषयीं एक गोष्ट जातां जातां सांगतों. आमच्या आजोबांच्या काळीं पांगळा म्हणत, मग अपंग म्हणूं लागले, मग विकलांग, आणि अलीकडे दिव्यांग. २०२२ सालीं महाराष्ट्र सरकारनें दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागहि स्थापन केला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु नांव तीन वेळां बदललें, आणि दवाखान्याची पायरी पुष्कळ ठिकाणीं आहे तेथेंच आहे.

त्या पायरीपासूनच आरंभ करूं. यंदा आम्हीं नववीच्या विद्यार्थ्यांस टेप व वही देऊन गांवांतील कांहीं ओटे मोजावयास पाठविलें. आपल्याकडे पावसाच्या पाण्यासाठीं जोतें उंच घेण्याची चाल आहे, त्यामुळें रस्त्यावरून आंत जावयास तीन पायऱ्या हें सामान्य प्रमाण. एक पायरी सहा इंचांची धरली तर उंची अठरा इंच होते. चाकांच्या खुर्चीसाठीं जो उतार बांधावयाचा, ज्यास गवंडीसुद्धां रॅम्पच म्हणतात, त्याचा नियम असा कीं एक इंच उंचीस निदान बारा इंच लांबी हवी. म्हणजे अठरा इंचांस अठरा फूट. मुलांस हें गणित सोपें वाटलें. परंतु प्रत्यक्ष पाहतां एके ठिकाणीं तीन पायऱ्यांवर साडेचार फुटांचा उतार टाकलेला आढळला. मालमोटारींत गुरें चढविण्याची फळी असते तसा तो होता. अशा उतारावर खुर्ची चढतांना मागें उलटते, आणि उतरतांना चाकें धरणाऱ्याचे तळहात सोलून निघतात. त्यापेक्षां उतार नसलेला बरा, कारण निदान तेथें कोणी फसत नाहीं. लांबी योग्य असली तरी आणखी दोन गोष्टी लागतात: दोन्ही बाजूंस धरावयास कठडा, आणि वर दारापुढें सपाट जागा. दार उघडतांना खुर्ची उतारावर उभी राहूं शकत नाहीं, हें बांधणाऱ्याच्या सहसा लक्षांत येत नाहीं.

आंत शिरल्यावरहि अडचणी संपत नाहींत. दाराची मोकळी रुंदी सुमारें ९० सेंटिमीटर असावी, व खुर्ची वळविण्यास दीड मीटर व्यासाची जागा असावी, असें इमारतींसंबंधींच्या सरकारी मार्गदर्शनांत आहे. तपासणीचें टेबल बहुधा कमरेइतकें उंच असतें. खुर्चीवरील रोग्यास त्यावर चढतां येत नाहीं, म्हणून डॉक्टर त्यास बसल्या जागींच वरवर तपासतात आणि पोटांतील गांठ पोटांतच राहते. वजनकांटा उभ्या मनुष्यासाठीं असतो. मग औषधाचें प्रमाण अंदाजानें ठरतें. शौचकूप पुष्कळदां मागच्या अंगणांत, दोन पायऱ्या उतरून, व अरुंद दाराचा. आमच्या एका विद्यार्थिनीची मावशी चाकांच्या खुर्चीवर असते. दवाखान्यास जावयाच्या दिवशीं ती सकाळपासून पाणी पीत नाहीं, असें त्या मुलीनें वहींत लिहून आणलें. मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो.

उन्हाची ही गोष्ट जरा विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण शहरच्या पुस्तकांत ती क्वचित् आढळते. ज्यांच्या पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूस इजा झालेली असते, त्यांस इजेच्या खालच्या भागांत घाम येत नाहीं. घाम हें शरीर थंड ठेवण्याचें साधन असल्यामुळें अशा मनुष्याचें अंग उन्हांत फार लवकर तापतें. त्यास केसपेपरच्या रांगेंत पत्र्याखालीं तासभर बसविणें हें धोक्याचें आहे. शिवाय पायांस संवेदना नसल्यास उन्हांत तापलेल्या खुर्चीच्या लोखंडानें कातडी भाजते, आणि तें त्याला कळतहि नाहीं. खानदेशांतील उपचारगृहास उतार जितका जरूर आहे तितकीच सांवली, पाण्याचा माठ आणि रांगेंतून सूट जरूर आहे.

आतां बहिऱ्या मनुष्याचें पाहा. त्यास पायऱ्यांची अडचण नाहीं. तो सकाळीं नऊ वाजतां येऊन बांकावर बसतो. कंपाउंडर आंतून नांव पुकारतो. नांव दोनदां पुकारलें जातें, मनुष्य उठत नाहीं, पुढचा आंत जातो. एका पाटीवर क्रमांक लिहून ती दारांत टांगली तर हा प्रश्न दहा रुपयांच्या खडूंत सुटतो. अंध रोग्याचे दुःख निराळें: दोन गोळ्यांच्या पुड्या हातीं देऊन पांढरी सकाळीं व पिवळी रात्रीं असें सांगितलें जातें. एका पुडीस रबराची एक गांठ व दुसरीस दोन बांधल्या, तर त्यास कोणास विचारण्याचें कारण उरत नाहीं. मंदबुद्धि म्हणून ज्यांना बाजूस सारतात तीं मुलें तर पुष्कळ वेळां कोठें दुखतें तें सांगूं शकतात. मात्र तें त्यांच्या घरच्या बोलींत, लेवा बोलींत अगर अहिराणींत, आणि त्यांना विचारलें तर. आम्हीं असें पाहिलें आहे कीं प्रश्न नेहमीं आईला विचारला जातो.

ज्याच्या मेंदूची घडण निराळी आहे त्या मुलाची अडचण टेपनें मोजतां येत नाहीं. आमच्या परिचयाचें एक कुटुंब आहे. त्यांतील दहा वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे व तो बोलत नाहीं. त्याची दाढ किडली. तो रात्रीं गालावर हात मारून घेई. घरच्यांस वाटे कीं हा त्याच्या स्वभावाचाच भाग. कारण कळल्यावर त्यास एका दंतवैद्याकडे नेलें. खोलींत दहा माणसें, डोक्यावर गुणगुणणारी नळीची बत्ती, औषधाचा उग्र वास, आणि आंतून यंत्राचा आवाज. मुलानें कान झांकले, मग तो ओरडूं लागला, मग जमिनीवर पडला. बांकावरचा एक जण म्हणाला कीं असल्या मुलाला घरीं ठेवावें. आई उठून निघून गेली. दुसऱ्या ठिकाणीं चौघांनीं त्याचे हातपाय धरले. तेव्हांपासून तो दवाखान्याच्या गल्लींतहि पाऊल टाकीना. गाल सुजला, ताप आला, जेवण तुटलें.

तिसरा दंतवैद्य तरुण होता. त्यानें प्रथम आईला विचारलें कीं याला काय आवडतें व काय सोसत नाहीं. मग त्यास दुपारीं दोन वाजतां, दवाखाना रिकामा असतां, बोलाविलें. पहिल्या दिवशीं मुलगा केवळ त्या खुर्चीवर बसला, ती वरखालीं करून पाहिली, आणि घरीं गेला. दुसऱ्या दिवशीं त्यानें आरसा हातांत घेतला. मधल्या वेळांत आईनें चार चित्रें काढून भिंतीवर लावलीं: घर, रिक्षा, खुर्ची, पुन्हा घर. तिसऱ्या दिवशीं बत्ती मालवून खिडकीच्या उजेडांत, कानांवर जाड आवरण घालून, प्रत्येक कृतीपूर्वीं ती बोटानें दाखवून, काम झालें. या सगळ्यांत नवीन यंत्र एकहि लागलें नाहीं. तीन दिवसांत मिळून तासाभराचा वेळ लागला.

मार्काच्या शुभवर्तमानांत बहिऱ्या व अडखळत बोलणाऱ्या मनुष्याची गोष्ट आहे, ती येथें आठवते. येशूनें त्यास गर्दींतून एकीकडे नेलें, त्याच्या कानांत बोटें घातलीं, जिभेला स्पर्श केला. चमत्कारावर आजवर पुष्कळ प्रवचनें आम्हीं ऐकलीं. गर्दींतून एकीकडे नेण्यावर मात्र एकहि ऐकलेलें नाहीं. ज्यास ऐकूं येत नाहीं त्याच्याशीं हातांनीं बोलणें, आणि जो भांबावला आहे त्यास आधीं शांत जागीं नेणें, हा उपचाराचाच पहिला भाग होय.

योगाभ्यासाची गोष्टहि अशीच आहे. वर्गांत शिक्षक सांगतात, डोळे मिटा. बहिऱ्या विद्यार्थ्यानें डोळे मिटले कीं शिक्षक त्याच्यापुरते नाहींसे झाले. शिक्षक म्हणतात, असें करा. अंधास असें म्हणजे कसें हें कळत नाहीं. अतिचंचल मुलास अर्धा तास निश्चळ बसवून शांति शिकविणें म्हणजे त्यास शिक्षाच. आमच्या खानदेशचा या शास्त्राशीं जुना संबंध आहे: लोणावळ्यास १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे त्यापूर्वीं कांहीं वर्षें अमळनेर येथें शिक्षणाचें काम करीत होते. योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो तें क्ष-किरणांनीं व उपकरणांनीं तपासण्यास त्यांनीं आरंभ केला. परंतु दुर्बळ शरीरासाठीं आसनांची रचनाच बदलण्याचें मोठें काम पुण्यास झालें. बी. के. एस. अय्यंगार हे १९१८ सालीं कर्नाटकांतील बेल्लूर येथें जन्मले. लहानपणीं हिवताप, विषमज्वर व क्षय यांनीं ते इतके क्षीण झाले होते कीं दुर्बळ शरीर म्हणजे काय हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. १९३७ सालीं ते पुण्यास शिकवावयास आले आणि तेथेंच राहिले. पत्नी रमामणी यांच्या स्मरणार्थ स्थापिलेली त्यांची योगसंस्था १९७५ सालीं उघडली. लांकडी विटा, पट्टे, भिंतीवरील दोर, लोड, साधी घडीची खुर्ची, अशीं साधनें त्यांनीं वर्गांत आणलीं. ज्याचा हात जमिनीस टेकत नाहीं त्याच्या हाताखालीं वीट ठेवावी. ज्यास उभें राहवत नाहीं त्यानें भिंतीचा आधार घ्यावा. ज्याचे गुडघे वांकत नाहींत त्यानें खुर्चीवर बसून करावें. शरीर आसनापर्यंत जात नसेल तर आसन शरीरापर्यंत आणावयाचें, असा हा विचार आहे. २०१४ सालीं अय्यंगार वारले; त्यांच्या विटा व पट्टे आज जगभर वापरले जातात, आणि आमच्या गांवच्या सुताराकडून तशी वीट सहज करून मिळेल.

महाराष्ट्रांत याहून निराळे प्रयत्नहि झाले. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीस पोलिओ झाला. तिच्यासाठीं उपचार शोधतां शोधतां इतर मुलांस ते कोठें मिळणार, हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला, व १९४७ सालीं त्यांनीं मुंबईंत अशा मुलांसाठीं उपचारकेंद्र सुरू केलें. रोगी उपचारगृहाकडे येऊं शकत नसेल तर उपचारगृहानेंच रोग्याकडे जावें, ही कल्पना तर आम्हां लोहमार्गाच्या कांठीं राहणाऱ्यांस विशेष रुचेल. १६ जुलै १९९१ रोजीं इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेनें भारतीय रेल्वेच्या साह्यानें मुंबईहून जीवनरेखा एक्सप्रेस सोडली. तिच्या डब्यांत शस्त्रक्रियागृह आहे. ती एखाद्या दूरच्या स्थानकावर कांहीं आठवडे उभी राहते. मोतीबिंदु, कानाचे विकार, दुभंगलेला ओठ, पोलिओनें वांकलेले पाय यांवर तेथें विनामूल्य शस्त्रक्रिया होतात. भुसावळच्या यार्डांत डबे दुरुस्त करणाऱ्यांचीं मुलें आमच्या वर्गांत आहेत. रेल्वेच्या डब्यांत उंच पायऱ्या असतात, मग रोग्यास वर कसें घेतात, हा प्रश्न त्यांपैकीं एकानेंच विचारला, आणि तो अगदीं योग्य होता. चांगल्या कल्पनेसहि शेवटीं फलाटाची उंची जुळवावी लागते.

कायद्याविषयीं पालकांस थोडें सांगणें इष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला. सरकारी तशींच खासगी रुग्णालयें, व इतर आरोग्यसंस्था, यांच्या सर्व भागांत अडथळ्याविना जातां यावें, आणि तपासणींत व उपचारांत दिव्यांगांस अग्रक्रम मिळावा, असें त्याच्या २५ व्या कलमांत आहे. म्हणून रांगेंतून पुढें सोडा असें म्हणणाऱ्या पालकानें संकोच करूं नये. तो कोणाची जागा हिसकावीत नाहीं. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें राजीव रातुरी यांच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, सुगमतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपांत ठेवणें या कायद्यास धरून नाहीं. किमान मानकें बंधनकारक असलींच पाहिजेत. हे रातुरी स्वतः दृष्टिहीन आहेत.

खर्चाचा आक्षेप नेहमीं येतो. अठरा फुटांच्या उतारास विटा, वाळू व सिमेंट लागतें हें खरें. परंतु वर सांगितलेल्या गोष्टींपैकीं निम्म्याहून अधिक, म्हणजे क्रमांकाची पाटी, रबराची गांठ, मालविलेली बत्ती, दुपारची वेळ, लांकडी वीट, आईऐवजीं मुलाला विचारलेला प्रश्न, यांस कांहींहि लागत नाहीं. आणि दुसरा एक अडथळा आमच्या घरांतच आहे. पाहुणे आले म्हणजे असें मूल मागच्या खोलींत पाठविणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. जें मूल ओट्यावर दिसत नाहीं, त्याच्यासाठीं दवाखान्याच्या ओट्याला उतार हवा हें कोणाच्या ध्यानांत कसें यावें?

पण दुसऱ्याचे ओटे मोजून झाल्यावर नववीच्या मुलांनीं आम्हांस विचारलें कीं आपल्या प्रार्थनागृहाचा ओटा मोजावयाचा कीं नाहीं. तेव्हां आम्ही क्षणभर गप्प राहिलों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंत एक विद्यार्थी होता. त्याच्या पायांतील स्नायूंची शक्ति वर्षावर्षास कमी होत होती. आठवींपर्यंत वर्गमित्र त्यास उचलून प्रार्थनेस आंत नेत. नववींत तो म्हणूं लागला कीं सकाळीं माझें डोकें दुखतें, मी वर्गांतच बसतों. आम्हांस तें खरें वाटलें. शाळा सोडल्यानंतर दोन वर्षांनीं त्याच्या वडिलांकडून कळलें कीं मित्रांच्या खांद्यावरून सर्वांदेखत आंत जाण्याची त्यास लाज वाटे. त्या दोन वर्षांत प्रार्थनेची घंटा झाली कीं तो रिकाम्या वर्गांत एकटा बसून असे, आणि आम्ही आंत बेथेसदाचा पाठ वाचीत होतों.

मुलांनीं मोजलें. चार पायऱ्या, प्रत्येकी सात इंच, एकूण अठ्ठावीस इंच. म्हणजे अठ्ठावीस फूट उतार. अंगण समोर बावीसच फुटांचें असल्यामुळें तो सरळ येत नाहीं. म्हणून भिंतीच्या कडेनें चौदा फूट, मग पांच फुटांची सपाट जागा, तेथें वळण, आणि पुन्हा चौदा फूट, असा आराखडा दहावीच्या दोघांनीं आलेखाच्या कागदावर काढून दिला. वळणाच्या जागीं एक कडुलिंब आहे. तो तोडावा असें गवंड्याचें मत पडलें. मुलांनीं सपाट जागा दीड फूट अलीकडे घेतली व झाड राखलें. विटांचें वचन एका पालकांनीं दिलें आहे. जमिनीवर चुन्याची रेघ आंखून झाली आहे, आणि तूर्त सुटींत पहिलीचीं मुलें त्या रेघेवरून एकामागून एक चालत जातात.